धीर कोणी धरावा?

२७ सप्टेंबर २०२४ रोजी डेट्रॉइटच्या मैदानावर शिकागो व्हाइट सॉक्स हा बेसबॉल संघ त्या हंगामातला आपला १२१वा सामना हरला. या खेळाच्या आधुनिक कालखंडात, म्हणजे विसाव्या शतकाच्या आरंभापासून, एका हंगामात इतके पराभव कोणत्याही संघाच्या वाट्याला आले नव्हते. १९६२ साली न्यूयॉर्क मेट्स १२० सामने हरले होते खरे; पण तो त्या संघाच्या जन्माचा हंगाम होता. व्हाइट सॉक्स १९०१पासून अमेरिकन लीगमध्ये खेळत आहेत आणि २००५ साली त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकलेली आहे. शंभराहून अधिक वर्षांच्या संसारात त्यांनी हा विक्रम केला. त्याच रात्री त्याच मैदानावर डेट्रॉइटचा संघ मात्र हंगामोत्तर फेरीतली आपली जागा निश्चित झाल्याचा जल्लोष करत होता.

या पराभवांची तांत्रिक चिकित्सा करण्याचा आमचा अधिकार नाही. हा खेळ दुरून पाहणारे आम्ही. आमचे लक्ष वेधले ते या संघाच्या चाहत्यांत गेली अनेक वर्षे चाललेल्या एका वादाने. संघाची ‘पुनर्बांधणी’ चालू असताना चाहत्याने धीर धरावा की धरू नये, हा तो वाद. एक पक्ष म्हणतो, रोप लावल्याबरोबर फळ मागणारा अडाणी असतो. दुसरा म्हणतो, आम्ही रोप पाहिले, खतपाणी पाहिले, आणि माळ्यालाही पुरते ओळखून आहोत. पहिल्या पक्षाच्या बोलण्यात एक नैतिक सूर असतो: जो थांबतो तो खरा चाहता, जो कुरकुरतो तो उपरा. हा सूर आम्हांला मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना यात काय रस, असे कोणी विचारील. हा वाद एका शब्दाच्या आणि एका कथेच्या गैरवापराचा आहे, म्हणून तो आपल्या प्रांतातला आहे, एवढेच आमचे उत्तर.

प्रथम पार्श्वभूमी. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये तीस संघ आहेत. हंगाम १६२ सामन्यांचा. त्यांपैकी ८१ घरच्या मैदानावर. युरोपातल्या फुटबॉलप्रमाणे तळाच्या संघाला येथे खालच्या श्रेणीत ढकलले जात नाही. उलट १९६५पासून चालत आलेल्या ‘ड्राफ्ट’ पद्धतीत नवोदित खेळाडूंची वार्षिक निवड होते, आणि तीत आधी निवडण्याचा मान सामान्यतः हरणाऱ्यांना मिळतो. मुख्य लीगमध्ये सहा वर्षांची सेवा भरेपर्यंत खेळाडूवर त्याच्या संघाचा हक्क राहतो, आणि पहिली काही वर्षे त्याचा पगारही तुलनेने किरकोळ असतो. राष्ट्रीय प्रक्षेपणाचे उत्पन्न तीसही संघांत सारखे वाटले जाते. या नियमांची बेरीज केली की एक हिशेब आपोआप मांडला जातो: अनुभवी आणि महाग खेळाडू देऊन टाकायचे, त्यांच्या बदल्यात विशीतली मुले घ्यायची, तीन-चार वर्षे हरायचे, आणि मुले पिकली की जिंकायचे. या हिशेबाला पुनर्बांधणी हे भारदस्त नाव आहे.

व्हाइट सॉक्सने हा मार्ग धरला तो डिसेंबर २०१६मध्ये. त्याच्या अवघा महिनाभर आधी, त्याच शहराच्या उत्तर भागातल्या कब्स या संघाने १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली होती, आणि तीही २०१२ साली १०१ सामने हरण्यापासून सुरू झालेल्या पुनर्बांधणीतून. शेजाऱ्याच्या घरी सनई वाजत असताना दक्षिण शिकागोत खोदकामाला प्रारंभ झाला. क्रिस सेल हा संघातला सर्वोत्तम डावखुरा पिचर बॉस्टनला दिला गेला. बदल्यात योआन मोन्काडा, मायकेल कोपेक आणि आणखी दोन तरुण आले. पुढच्या जुलैत होसे किंताना कब्सना देऊन एलॉय हिमेनेझ आणि डिलन सीस आणले गेले. २०१७मध्ये ९५ पराभव झाले, २०१८मध्ये १००, २०१९मध्ये ८९. व्यवस्थापक रिक हान यांनी योग्य वेळी पैसाही खर्च होईल असा शब्द जाहीरपणे दिला होता. चाहते थांबले. बहुसंख्य थांबले, हे येथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

फळ आले नाही असे नाही. २०२०च्या आखूड हंगामात आणि पुन्हा २०२१मध्ये संघ हंगामोत्तर फेरीत पोचला. पण दोन्ही वेळा पहिल्याच मालिकेत गारद झाला. २०२२मध्ये ८१ विजय आणि ८१ पराभव. २०२३मध्ये १०१ पराभव. आणि मग तो १२१चा आकडा. खर्चाच्या शब्दाचे काय झाले? २०१९च्या प्रारंभी मॅनी मचाडो या खेळाडूशी सॅन डिएगोने ३० कोटी डॉलरचा करार केला. शिकागोची बोली तेथवर गेली नाही. पुढे त्यांनी स्वतःच्या इतिहासातला सर्वांत मोठा करार अँड्र्यू बेनिन्टेंडीशी केला, तो साडेसात कोटींचा. २०२४चा हंगाम संपताना मोन्काडा, कोपेक, हिमेनेझ, सीस हे चौघेही संघातून गेलेले किंवा जाण्याच्या वाटेवर होते. डिसेंबर २०२४मध्ये संघातला सर्वोत्तम डावखुरा पिचर, गॅरेट क्रोशे, बॉस्टनला दिला गेला; बदल्यात चार तरुण आले. आठ वर्षांनी तोच महिना, तोच गिऱ्हाईक, तोच माल. आणि चाहत्यांना पुन्हा तेच सांगण्यात आले: धीर धरा.

आता त्या शब्दाकडे वळू. हा वाद इंग्रजीत चालतो आणि त्यात ‘पेशन्स’ हा एकच शब्द सर्व कामे करतो. मराठीत मात्र त्याच्या जागी निदान चार शब्द उभे राहतात, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहीत. ‘संयम’ म्हणजे स्वतःला आवरणे. ज्याच्या हाती काही करण्याची सत्ता आहे आणि जो ती तूर्त वापरत नाही, त्यालाच संयमी म्हणता येते. ‘धीर’ म्हणजे संकटात न खचणे. तो भीतीच्या विरुद्धार्थी आहे. ‘सबुरी’ हा अरबीतून आलेला शब्द शिर्डीमुळे घरोघरी पोचला, पण तेथे तो एकटा येत नाही. त्याच्या आधी श्रद्धा येते, आणि श्रद्धेला पात्र असे कोणी तरी समोर असावे लागते. चौथा शब्द ‘सोशिकपणा’. त्याला सत्ता लागत नाही, धैर्य लागत नाही, श्रद्धाही लागत नाही. दुसरा इलाज नसणे एवढीच त्याची अट आहे.

या चार चाळण्यांतून चाहत्याची स्थिती गाळून पाहावी. त्याच्या हाती खेळाडू घेण्याची वा देण्याची सत्ता नाही. म्हणून त्याला संयम दाखवता येत नाही. धीर त्याच्यापाशी पुष्कळ आहे. २०२४च्या उन्हाळ्यात सलग २१ सामने हरणाऱ्या संघाचे खेळ जो पाहत राहिला, त्याला धीराचे धडे कोणी देऊ नयेत. सबुरीसाठी लागणारी श्रद्धा ज्यांच्यावर ठेवायची, त्यांनी दिलेला शब्द पाळलेला नाही. तेव्हा प्रत्यक्षात त्याच्याकडे मागितला जातो तो सोशिकपणा. मागताना मात्र त्याला सद्गुणाचे नाव दिले जाते. सोशिकपणाला संयम म्हणणे ही शब्दाची फसवणूक आहे. आणि ती आपल्या परिचयाची आहे. घरातल्या स्त्रीला, शेतावरच्या मजुराला, कमी पगारावर राबणाऱ्या शिक्षकाला याच शब्दाने पिढ्यान्‌पिढ्या गप्प बसवले गेले आहे. बेसबॉलच्या चाहत्याचे दुःख त्या पंगतीचे नाही, हे आम्ही जाणतो. फसवणुकीची रीत मात्र एकच आहे.

‘पुनर्बांधणी’ हा शब्दही तपासून घ्यावा. मुंबईत इमारत पुनर्विकासाला गेली की रहिवासी बाहेर पडतो, तेवढ्या काळाचे भाडे बिल्डरने द्यावे असा करार असतो, आणि ताब्याची तारीख कागदावर असते. बिल्डर शब्द मोडतात, वर्षानुवर्षे रखडवतात. पण मोडायला निदान शब्द तरी असतो. बेसबॉलच्या पुनर्बांधणीत रहिवासी बाहेर पडत नाही. तो ढिगाऱ्यातच बसतो आणि बसण्याचे भाडे तोच भरतो, तिकिटाच्या रूपाने. तारीख नसते. नकाशा दाखवतात, तोही दर चार वर्षांनी बदलतो.

प्रतिपक्षाचा सर्वांत भक्कम पुरावा ह्यूस्टनचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्यूस्टन ॲस्ट्रोज २०११, २०१२ आणि २०१३ या तीन हंगामांत अनुक्रमे १०६, १०७ आणि १११ सामने हरले. सप्टेंबर २०१३मधल्या त्यांच्या एका सामन्याला ह्यूस्टन शहरात नील्सनच्या मोजणीत शून्य प्रेक्षकांक मिळाला. चारच वर्षांनी, २०१७ साली, त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली. कब्सचे उदाहरण वर आलेच आहे. ही दोन नावे उच्चारली की सोशिक पक्षाला वाद संपल्यासारखा वाटतो.

आमच्या मते तो तेथे सुरू होतो. कब्सनी तरुण मुले जमवली हे खरे, पण वेळ येताच, डिसेंबर २०१४मध्ये, त्यांनी जॉन लेस्टर या पिचरसाठी १५.५ कोटी डॉलर मोजले. चाहत्यांच्या थांबण्याला मालकाच्या पैशाने उत्तर मिळाले. व्हाइट सॉक्सच्या कथेत हेच पान गायब आहे. ह्यूस्टनची गोष्ट तर अधिकच गुंतागुंतीची. त्या यशाचा कणा असलेला होसे अल्टुवे हा पुनर्बांधणीच्या योजनेचे फळ नव्हता. तो २००७ सालीच संघाच्या पदरी आला होता. त्याउलट पुनर्बांधणीच्या ऐन भरात, मार्च २०१४मध्ये, जे. डी. मार्टिनेझ या फलंदाजाला त्यांनी सोडून दिले आणि तो इतरत्र जाऊन नामांकित झाला. प्रतिस्पर्ध्यांच्या खुणा कॅमेऱ्याने टिपून त्या २०१७च्या विजयी हंगामात वापरल्याचे नंतर उघडकीस आले. जानेवारी २०२०मध्ये लीगने संघाला ५० लाख डॉलर दंड केला आणि ड्राफ्टमधल्या चार निवडी काढून घेतल्या. पराभवाला साधन मानण्याची सवय लागली की इतर साधनांचाही विधिनिषेध हळूहळू सुटतो, असे सिद्ध करता येणार नाही. पण ज्यांना या उदाहरणावरून नीतिपाठ द्यायचे आहेत, त्यांनी हा भागही वाचून दाखवावा.

शिवाय यशस्वी झालेल्यांचीच नावे घ्यायची आणि त्यावरून नियम बांधायचा, हा तर्कदोष आपण पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही दाखवून देतो. पिट्सबर्ग पायरेट्स १९९३ ते २०१२ असे सलग वीस हंगाम विजयांपेक्षा पराभव अधिक पदरी घेत राहिले. १९९३ साली जन्मलेले मूल मतदार झाले, तरी त्याने आपला संघ एकदाही बरोबरीत आलेला पाहिला नव्हता. त्या वीस वर्षांतही धीर धरा असे सांगणारे होतेच. बॉल्टिमोरने २०१८पासून चार वर्षांत तीनदा शंभराहून अधिक पराभव सोसले, २०२३मध्ये १०१ विजय मिळवले, हंगामोत्तर एकही सामना न जिंकता बाहेर पडले, आणि २०२५मध्ये आपल्या गटात तळाला गेले. ही यशोगाथा की अपयशाची कहाणी? उत्तर तुम्ही गोष्ट कोठे थांबवता यावर अवलंबून आहे.

येथे आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. पुनर्बांधणी ही मुळात कथनाची एक युक्ती आहे. ती आजच्या सामन्याचे मोल उद्याच्या शेवटावर गहाण टाकते. शेवट गोड तर सारे गोड, या न्यायाने मधली सर्व पाने केवळ प्रस्तावना ठरतात. वाचकाला सांगितले जाते: पुस्तक संपेपर्यंत मत देऊ नका. पण पुस्तक कधी संपणार हे लेखकच ठरवणार. आणि शेवट फसला तर तो म्हणणार, हा पहिला खंड होता. २०१६पासून व्हाइट सॉक्सच्या चाहत्याने नेमके हेच अनुभवले आहे.

सामना ही वस्तू अशी नसते. आयोवातल्या मक्याच्या शेतालगत उभारलेल्या मैदानावर, १२ ऑगस्ट २०२१च्या संध्याकाळी, टिम अँडरसनने शेवटच्या डावात चेंडू थेट मक्यात भिरकावला आणि व्हाइट सॉक्सने न्यूयॉर्क यांकीजना ९-८ असे हरवले. पुढे सगळी पुनर्बांधणी कोसळली म्हणून ती संध्याकाळ खोटी ठरत नाही. मग त्याच न्यायाने २०१८मधली एखादी हरलेली, पोरकी संध्याकाळही पुढच्या काल्पनिक विजयाने भरून निघत नाही. जी मुलगी सात वर्षांची असताना वडिलांच्या बोटाला धरून मैदानावर गेली, तिचे ते वय परत येणार नाही. खेळाचे मोल त्या त्या दिवशीच चुकते करावे लागते. कवितेच्या ओळीला आपण हेच म्हणतो. संग्रह पुढे चांगला होणार आहे म्हणून आजची ओळ माफ होत नाही.

मग निष्ठेचे काय? २०२४च्या अखेरीस घरच्या मैदानावर प्रेक्षकांनी ‘संघ विका’ अशा घोषणा दिल्या, तेव्हा सोशिक पक्षाला ती कृतघ्नता वाटली. आम्हांला ती समीक्षा वाटते. ज्याला पर्वा नाही तो घोषणा देत नाही, तो घरी बसतो. मे २०२५मध्ये पोपपदी निवडले गेलेले चौदावे लिओ हे याच संघाचे चाहते असून २००५च्या वर्ल्ड सिरीजचा एक सामना त्यांनी प्रेक्षागारात बसून पाहिला होता, हे आता सर्वश्रुत आहे. धर्माने मागितलेली सबुरी मात्र वेगळी. तिचा हिशेब या लोकात व्हायचा नसतो. क्लबाने दिलेले वचन याच लोकातले होते, डॉलरमध्ये मोजता येण्याजोगे होते, आणि म्हणून त्याचा जाब विचारता येतो.

आणखी एक गोष्ट विसरू नये. धीर मागणारे स्वतः किती धीराचे आहेत? १९८१पासून या संघाचा कारभार हाकणारे जेरी राइन्सडॉर्फ यांच्या काळात, संघ फ्लोरिडाला हलवला जाण्याची तलवार डोक्यावर टांगलेली असताना, १९८८ साली इलिनॉयच्या विधिमंडळाने सार्वजनिक पैशाने नवे मैदान बांधून देण्याचे मान्य केले. त्या रात्री मुदत टळू नये म्हणून सभागृहातले घड्याळ थांबवल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. १९९१ साली उघडलेले ते मैदान उभे असतानाच २०२४मध्ये आणखी एका मैदानासाठी सार्वजनिक निधी मागण्यात आला. ऑगस्ट २०२३मध्ये हान यांना दूर केल्यावर बाहेर विस्तृत शोध न घेता संघातल्याच क्रिस गेट्झ यांना बढती देण्यात आली. मालकांनी कारण दिले ते सुधारणा लवकर व्हावी याचे. पुढच्याच वर्षी १२१ पराभव झाले. म्हणजे घाई मालकाने करायची, ती मुत्सद्देगिरी. घाई चाहत्याने केली तर तो उतावळेपणा. जून २०२५मध्ये जाहीर झालेल्या करारानुसार जस्टिन इश्बिया यांच्याकडे मालकी जाऊ शकेल, ती राइन्सडॉर्फ यांची इच्छा झाल्यास २०२९ ते २०३३ या काळात. इश्बिया यांना स्वतःहून ती घेण्याचा हक्क मिळेल तो २०३४च्या हंगामानंतर. संघ विका म्हणणाऱ्यालाही अखेर धीर धरायला सांगितले गेले.

आणि पराभवाचे बक्षीस? तेही मिळाले नाही. मुद्दाम हरण्याला आळा बसावा म्हणून २०२२च्या करारात ड्राफ्टसाठी सोडत आली, आणि महसूल-वाटपात पैसे घालणाऱ्या संघाला लागोपाठ दोन वर्षे सोडतीतली जागा मिळू नये असे ठरले. परिणामी आधुनिक काळातला सर्वाधिक पराभवांचा हंगाम खेळलेल्या संघाला २०२५च्या ड्राफ्टमध्ये दहावा क्रमांक मिळाला. चाहत्यांनी सोसलेले १२१ पराभव त्या पद्धतीत जमेस धरलेच गेले नाहीत.

आम्ही अधीरतेचे गोडवे गात नाही. बेसबॉल हा सावकाश पिकणारा खेळ आहे; विशीतल्या मुलाला मुख्य मैदानावर यायला वर्षे लागतात, आणि दर पराभवाला डोके मागणारा चाहता संघाचे नुकसानच करतो. २०२५मध्ये व्हाइट सॉक्स १०२ सामने हरले, तरी कोल्सन माँटगोमेरीने अर्ध्याहून कमी हंगामात २१ होम रन मारले आणि इतर संघाच्या यादीतून उचललेला शेन स्मिथ ऑल-स्टार सामन्यासाठी निवडला गेला. या मुलांसाठी थांबावे असे ज्याला वाटते त्याने अवश्य थांबावे. त्याच्या थांबण्यात सौंदर्य आहे. फक्त ते थांबणे त्याने शेजारच्या खुर्चीतल्या माणसाला मारण्याची काठी करू नये.

धीर मागणाऱ्याने तीन गोष्टी आधी द्याव्यात: कशासाठी थांबायचे ते, कुठवर थांबायचे ते, आणि थांबणाऱ्याबरोबर आपण स्वतः काय पणाला लावतो ते. या तिन्ही गोष्टी मिळाल्या की चाहता थांबतो. २०१७ ते २०१९ या तीन हंगामांत तो थांबला होता; तेव्हा त्याने आपल्या वाट्याचे काम केले आहे. २०१६मध्ये घेतलेले उधार फिटलेले नसताना २०२४मध्ये पुन्हा दारात उभे राहणाऱ्याला जो विचारतो, ‘मागचे कधी देणार?’, त्याला उतावळा म्हणण्याचा अधिकार ऋणकोला नाही. आणि त्याच्याच शेजारच्या धनकोला तर मुळीच नाही.